भोंक पाडलेली कांच कां तडकते ?



डहाणूच्या एका स्नेह्यांचें मला मध्यंतरीं एक पत्र आलें. त्यांनीं आपल्या दिवाणखान्यांत मोठें मत्स्यालय मांडलें होतें. पाणी गाळण्याची व्यवस्था खालच्या कपाटांत असावी, म्हणून टांकीच्या मागील कांचेस भोंक पाडून त्यांतून नळी काढली होती. टांकी भरली, मासे सोडले, मुलें हरखलीं. आठ दिवस एक थेंबहि गळला नाहीं. नवव्या रात्रीं जमिनीला हलकासा हादरा बसला. आणि पहाटे मंडळी उठून पाहतात तों मागील कांच भोंकापासून तळापर्यंत तडकलेली, पाणी घरभर पसरलेलें आणि मासे फरशीवर निपचित पडलेले! "आमचें मत्स्यालय भूकंपानेंच फोडलें ना ?" असा त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न साहजिक होता. पालघर जिल्ह्यांतील डहाणू व तलासरी या तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपांची जी मालिका सुरू झाली, तिची आठवण तेथील कोणाहि कुटुंबास करून द्यावी लागत नाहीं. धुंदलवाडीच्या आसपास, जमिनीखालीं थोड्याच किलोमीटर खोलीवर, लहान लहान धक्के शेंकड्यांनीं बसले. पुष्कळदां त्यांच्याबरोबर मोठा आवाजहि होई. फेब्रुवारी २०१९ च्या आरंभीं ४ हून किंचित् अधिक तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हां घराबाहेर धांवतांना पडून एका चिमुकल्या मुलीचा अंत झाला, आणि कित्येक कुटुंबांनीं थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या. पुढील वर्षांतहि धक्के अधूनमधून बसतच राहिले. अशा प्रदेशांत फुटलेल्या प्रत्येक वस्तूचा दोष जमिनीकडे जावा, यांत नवल नाहीं. परंतु निमित्त आणि कारण यांत अंतर असतें. आणि तें ओळखलें नाहीं, तर दुसरी टांकीहि पहिलीच्याच वाटेनें जाते.

प्रथम टांकीवरील भार किती तें पाहूं. टांकी १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद असून पाणी ५० सेंटिमीटर खोल आहे असें धरा. पाणी भरलें २७० लिटर, म्हणजे वजनानें २७० किलो. तें आपल्या समोरच्या कांचेस एकंदर सुमारें १५० किलोभाराचा रेटा देतें, आणि मागील कांचेसहि तितकाच. हा रेटा वरच्या कांठाशीं शून्य असतो व तळाकडे वाढत जातो. तो अहोरात्र चालू असतो. त्यामुळें कांच डोळ्यांस न दिसेल इतकी बाहेर फुगते आणि तिचा बाहेरील पृष्ठभाग ताणला जातो.

आतां कांचेचा स्वभाव लक्षांत घ्या. वारली घराचा कारवीचा कूड हादऱ्याबरोबर डुलतो. लोखंडाची पट्टी मर्यादेबाहेर ताणली, तर ती वांकते आणि आपला बोजा शेजारच्या भागावर सोंपविते. कांचेला ही तडजोड ठाऊक नाहीं. दाबाचा भार ती पुष्कळ सोसते, पण ताण वाढला कीं एकदम तडकते. आणि तडकते ती जेथें आधींच बारीक जखम असेल तेथून. ग्रिफिथ या इंग्रज संशोधकानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत हेंच दाखवून दिलें, कीं कांच हिशेबाहून फारच थोड्या ताणानें फुटते, याचें कारण तींतील अतिसूक्ष्म चिरा होत. कोरें कापड हातानें फाटतां फाटत नाहीं. पण कात्रीनें कांठाला लहानशी चीर दिली कीं तें सहज फाटत जातें. कांचेचेंहि तसेंच आहे.

भोंक पाडणें म्हणजे अशी जखम आपण होऊन करणें. तिचे दोष दोन. पहिला दोष आकाराचा. एका दिशेनें ताणलेल्या सपाट पट्टीस गोल भोंक असेल, तर भोंकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. जर्मन शास्त्रज्ञ किर्श यांनीं हें गणित १८९८ सालींच मांडलें. दुसरा दोष कडेचा. हिऱ्याचे कण बसविलेलें ड्रिल कांच कापीत नाहीं, घांसून तिचा भुगा करतें. हात जड पडला, किंवा ड्रिल पलीकडे निघतांना जोर कमी केला नाहीं, तर कडेला टवके उडतात व बारीक चिरा राहतात. वर सतत पाणी सोडलें नाहीं, तर ती जागा तापते. कंदिलाच्या तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडतांच ती तडकते, हें आपल्या आजीच्या पिढीस पुरतें ठाऊक होतें. तसाच प्रकार लहान प्रमाणांत येथें घडतो. तिप्पट ताण आणि ताज्या चिरा एकाच जागीं भेटल्या, कीं धोक्याची सर्व सामग्री सिद्ध झाली.

मग कांच पहिल्याच दिवशीं कां फुटली नाहीं ? याचें उत्तर मोठें कुतूहलाचें आहे. कांच क्षणभर जो भार सोसते, तो ती महिनोन् महिने सोसूं शकत नाहीं. चिरेच्या टोंकाशीं ताणलेले सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे बंध पाण्याच्या कणांमुळें एकेक करून तुटतात आणि चीर मुंगीच्या पावलानें पुढें सरकते. ज्या पाण्यासाठीं आपण ही टांकी केली, तेंच पाणी, आणि समुद्रकांठची दमट हवाहि, त्या चिरेस वाट करून देत असते. ठराविक लांबी ओलांडली, कीं मात्र निमिषार्धांत सर्व कांच दुभंगते. म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या टांकींतील ते आठ शांत दिवस वस्तुतः शांत नव्हतेच.

आतां भूकंपाचा वांटा पाहूं. लहान व जवळच्या भूकंपाचीं कंपनें द्रुत असतात, सेकंदास अनेक. आपल्या टांकींतील पाणी लांबीच्या दिशेनें हेलकावलें, तर एका हेलकाव्यास सुमारें १.३ सेकंद लागतो. ताल जुळत नसल्यामुळें पाणी फारसें उसळत नाहीं. गुरुत्वाकर्षणाच्या एक दशांश इतका आडवा झटका बसला असें धरलें, तरी पाण्याचा जादा रेटा समोरील व मागील कांचेवर मिळून फार तर २७ किलोभार होईल. अव्यंग टांकी हें सहज सोसते. परंतु भोंकांत बसविलेलें टँक निपल आणि त्यास टांगलेली लांब, आधारहीन नळी हादऱ्यानें हलली, तर ती तरफेसारखी भोंकाच्या कडेस पिळते. निपलाचें नट पान्यानें आवळलेलें असेल, तर कडेवर आधींच ताण असतो. तेव्हां माझा निर्णय असा: स्नेह्यांच्या टांकीस जखम ड्रिलनें केली, ती पाण्यानें वाढविली, आणि भूकंपानें फार तर तिची घटिका भरविली.

यावर उपाय अवघड नाहींत. टफन्ड कांचेस कधींहि भोंक पाडूं नये. तिचा पृष्ठभाग दाबांत व अंतर्भाग ताणांत असतो. ड्रिल आंत शिरतांच तिचे तुकडे तुकडे होतात. साध्या कांचेंत भोंकाची कड व कांचेची कड यांत निदान भोंकाच्या व्यासाइतकें अंतर ठेवावें. ड्रिल हळू, पाण्याच्या धारेखालीं चालवावें आणि कड बारीक घांसून घ्यावी. रबरी वॉशर निपलाच्या पसरट बाजूस घालून नट हातानेंच आवळावें. नळीस भिंतीचा किंवा कपाटाचा आधार द्यावा व मध्यें लवचिक नळीचा तुकडा घालावा. बैठक पाणसळीनें तपासावी. कारण एक कोपरा उंच राहिला, तर पिळाचा ताण निराळाच पडतो. मासे सोडण्यापूर्वीं टांकी अंगणांत वा मोरींत भरून निदान दोन आठवडे रोज भोंकाची कड निरखावी. बारीक रेघ दिसली, तर ती थांबेल या आशेवर राहूं नये. टांकी त्याच दिवशीं रिती करावी.

डहाणू-तलासरीसारख्या भागांत आणखी तीन गोष्टी अवश्य कराव्या. बैठक ठेंगणी व भिंतीस जखडलेली असावी. टांकी बिछान्याच्या उशाशीं अथवा बाहेर पळण्याच्या वाटेवर नसावी. विजेचें बटण पाण्याच्या पातळीहून उंच असावें आणि घरांत गळती ओळखून वीज तोडणारें साधन असावें. फुटलेल्या टांकीचें पाणी फरशी भिजवून थांबेल. पण त्यांत वीज उतरली, तर अनवाणी धांवत येणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतेल.

स्नेह्यांना मीं इतकेंच लिहिलें: भूकंप आपल्या हातीं नाहीं, भोंकाची कड आपल्या हातीं आहे. त्यांनीं नवी टांकी आणली आहे. ती सध्यां अंगणांत, माशांवांचून, पाण्यानें भरून ठेवली आहे, आणि घरांतील मुलें रोज सकाळीं भिंग घेऊन तिची कड तपासतात.