गाडीची खाच आणि घरचें वजन

बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता म्हणजे तुकोबारायांच्या पालखीचा मार्ग. काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगांव केतकी अशीं एकामागून एक गांवें लागत जातात आणि दोन्ही अंगांस ऊस उभा असतो. आमच्या धाकट्या भगिनीचें घर इंदापुरास असल्यामुळें महिन्यांतून एकदां तरी आम्ही उभयतां मोटारसायकलीवरून या वाटेनें जातों. गेल्या मार्गशीर्षांत मात्र निघण्याच्या आदल्या रात्रीं सौभाग्यवतींनीं शांतपणें सांगितलें, "तुम्ही गाडीवरून या, मी एस्‌टीनें येतें." कारण विचारतां पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "प्रत्येक गतिरोधकाला तुमची नुसती मान हलते, इकडे माझे मणके मोजले जातात."

आम्हीं नेहमींप्रमाणें रस्त्यास दोष दिला. रस्ता सर्वस्वीं निर्दोष आहे असें नव्हे. हमरस्ता कितीही रुंद झाला तरी गांवांत शिरणाऱ्या वाटा, गाळपाच्या हंगामांत उसाच्या ट्रॅक्टरांनीं पाडलेल्या चाकोऱ्या आणि ज्याच्या-त्याच्या दारापुढें उभारलेले गतिरोधक यांनीं प्रवासी घुसळून निघतो. परंतु त्याच रस्त्यानें, त्याच गाडीवरून जातांना आम्हांस फारसें कांहीं न होतां मागें बसलेल्या माणसासच तेवढा धक्का कां बसावा, हा प्रश्न इतक्या वर्षांत आम्हांस पडला नव्हता, हें कबूल करणें प्राप्त आहे.

उत्तर आमच्या नेहमींच्या मिस्त्र्यानें दिलें. गाडी उभी करतांच तो मागच्या चाकाशीं उकिडवा बसला, स्प्रिंगेच्या बुडाशीं असलेल्या कड्यावरची धूळ त्यानें अंगठ्यानें पुसली आणि हंसूं लागला. "काका, ही पयल्या खाचेवर हाय. शोरूममधनं आणली तशीच. गाडी कंपनीनं केली, पण माघारी कोण बसणार ते कंपनीला काय ठावं?"

गाडीची मागची बाजू दोन स्प्रिंगांवर तोललेली असते आणि प्रत्येक स्प्रिंगेच्या पोटांत तेलाची एक नळी असते. या जोडीचें खरें नांव शॉक ॲब्सॉर्बर. आमच्याकडील गॅरेजांत त्याचा शॉकप झाला आहे, व आम्हीही तोच शब्द चालवूं. स्प्रिंगेचें काम भार झेलण्याचें. दबलेली स्प्रिंग उसळूं लागली म्हणजे तिला आवरण्याचें काम तेलाचें. नळींतील दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल कष्टानें वाहतें आणि धक्क्याची शक्ति उष्णतेच्या रूपानें विरून जाते. बुडाशीं जें पायऱ्यापायऱ्यांचें कडें असतें त्याला बहुतेक साध्या गाड्यांत पांच खाचा असतात. कडें एक खाच पुढें फिरविलें कीं स्प्रिंग आधींच थोडी अधिक आवळली जाते.

कडें फिरविल्यानें स्प्रिंग कडक होते असें सर्वजण म्हणतात. आम्हीही म्हणत होतों. वस्तुतः स्प्रिंग होती तेवढीच मऊ किंवा कडक राहते. अंगावर पडलेल्या प्रत्येक जादा किलोनें ती पूर्वीं जेवढी दबे तेवढीच नंतरही दबते. मात्र दबण्यास सुरुवात होण्यापूर्वींच तिला अधिक भार लागतो, आणि म्हणून तींच माणसें बसलीं असतां गाडी पूर्वींपेक्षां वर उभी राहते. चाकाला वरखालीं सरकण्यास जी एकंदर जागा आहे, तींतली माणसें बसतांच किती खर्च झाली आणि खड्ड्यासाठीं किती शिल्लक उरली, असा हा सारा जमाखर्च आहे. शिल्लक संपली कीं आंतला रबरी ठोकळा आपटतो. तो आघात मागच्या बैठकीस थेट पोंचतो, कारण मागचें माणूस जवळजवळ चाकाच्या आंसावरच बसलेलें असतें. चालविणारा दोन चाकांच्या मध्यें असतो, शिवाय त्याला खड्डा आधीं दिसतो. तो पायांवर भार घेऊन अंग अलगद उचलतो. मागच्या माणसास दिसते ती आमची पाठ.

मिस्त्र्यानें खाच तेथल्या तेथें फिरवून दिली असती. पण "मापल्याबिगर फिरवूं नका" असें सांगून त्यानेंच घरीं करण्याची रीत समजावून दिली. त्या रविवारीं सकाळीं आमच्या अंगणांत हा प्रयोग झाला. प्रथम टायरांत ठराविक हवा भरून घेतली, नाहीं तर पुढील सर्व खटाटोप व्यर्थ होतो. शिवणाच्या डब्यांतील फीत घेतली. गाडी मधल्या स्टँडवर चढविली म्हणजे मागचें चाक अधांतरीं लोंबतें. त्याच्या आंसाच्या मध्यापासून सरळ वर, बैठकीखालच्या पत्र्यावर खडूनें केलेल्या खुणेपर्यंतचें अंतर मापून ठेवलें. मग गाडी खालीं उतरवून, दोनचार वेळां दाबून सोडून, तेंच अंतर पुन्हां घेतलें. नंतर आम्ही एकटे बसलों. चिरंजीवांनीं पुढून हँडल धरलें, आम्हीं दोन्ही पाय पायदानांवर ठेवले, आणि कन्येनें फीत वाचली. शेवटीं उभयतां बसलों. प्रत्येक अंतर पहिल्या अंतरांतून वजा केलें कीं गाडी किती बसली तें कळतें.

आमच्या गाडीच्या मागच्या चाकास सरकण्यास सुमारें १०० मिलिमीटर जागा आहे. पहिल्या खाचेवर ती स्वतःच्याच भारानें ७ मिलिमीटर बसली, आमच्या ६४ किलोंनीं २६, आणि उभयतांच्या भारानें ४९. एकंदर जागेचा चौथा ते तिसरा हिस्सा बसण्यांत जावा, असा रस्त्यावरच्या गाड्यांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे एकट्यासाठीं पहिली खाच योग्यच होती. आम्हांस इतकीं वर्षें कांहीं जाणवलें नाहीं याचें कारण हेंच. दोघांसाठीं मात्र अर्धी पुंजी उंबरठ्यावरच खर्च होत होती. चौथ्या खाचेवर हाच आंकडा ३६ वर आला. पांचवी खाच दिवाळींत फराळाच्या डब्यांसह जाण्यासाठीं राखून ठेवली.

एकट्यानें चौथ्या खाचेवर बसून पाहिलें, तर गाडी अवघी १३ मिलिमीटर बसली. अशी गाडी खड्ड्याच्या पोटांत चाक पुरतें उतरूं देत नाहीं. लहानशा उंचवट्यावरही उडते आणि चाकाची जमिनीवरील पकड सुटते. तेव्हां एकदां फिरवून विसरून जाण्यासारखें हें काम नव्हे. फिरवितांना गाडी मधल्या स्टँडवर असावी, हत्यारांच्या पिशवींतला आंकड्याचा पाना वापरावा, आणि दोन्ही बाजू एकाच खाचेवर आहेत हें डोळ्यांनीं पाहावें. एक उजवीकडे तिसरी व दुसरी डावीकडे चौथी राहिली, तर चाक धरणारा दांडा पिळला जातो.

मागची बाजू खचण्यानें केवळ पाठच दुखते असें नाहीं. मागून बसलेली गाडी पुढून वर उठते. पुढच्या चाकावरचा भार हलका होऊन हँडल सैल लागतें, आणि रात्रीं पुढचा दिवा रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. गाळपाच्या दिवसांत, मागें दिवा नसलेल्या ऊसगाड्या रस्त्यावर असतांना, आपला प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर पडणें म्हणजे काय, हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको.

या शास्त्राचे खरे जाणते आमच्याकडे दूध घालणारे लोक. ४० लिटरांचे दोन कॅन मागें लटकविले तर दूधच ८२ किलोंहून अधिक भरतें. कॅनांचें वजन निराळें. (सौभाग्यवतींच्या वजनाहून हें बरेंच अधिक, हें येथें नमूद करणें आमच्या हिताचें आहे.) आमच्या गल्लींत येणाऱ्या गवळ्याचीं कडीं कायम शेवटच्या खाचेवर असतात. परततांना रिकामी गाडी ठणठण उडते, पण तो म्हणतो, "भरल्या गाडीनं दगा देऊ नये म्हंजे झालं." दोहों बाजूंचा विचार करतां त्याचा निवाडा आम्हांस पटतो.

पूर्वींच्या मोटारसायकलींना मागें स्प्रिंगाच नसत. चौकट ताठ आणि खोगिराखालीं दोन स्प्रिंगा, एवढ्यावर लोकांनीं दुसऱ्या महायुद्धापर्यंत सर्रास प्रवास केले. १९४६ सालीं इटलींत कोराडिनो दास्कानियो या विमानविद्येच्या अभियंत्यानें व्हेस्पा स्कूटर काढली, तेव्हां पुढचें चाक विमानाच्या चाकाप्रमाणें एकाच बाजूच्या दांड्यावर बसविलें. तीच व्हेस्पा २०१२ सालापासून बारामतीच्या औद्योगिक वसाहतींतील पियाजिओच्या कारखान्यांत तयार होऊं लागली. २०२३ सालीं पुढें आलेली एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकलही तेथलीच. तिच्या पुढच्या चाकास १२० व मागच्यास १३० मिलिमीटर जागा आहे, आणि दोन्हीकडे स्प्रिंग आवळण्याची सोय आहे. आमच्या साध्या गाडीस पुढें अशी सोय नाहीं. तेथें ठराविक काळानें फोर्कांतलें तेल बदलणें, एवढेंच आपल्या हातीं.

एक सावधगिरी मात्र अवश्य सांगितली पाहिजे. बैठक जोरानें दाबून सोडावी. गाडी एकदां वर येऊन स्थिर झाली तर ठीक, पण झोपाळ्यासारखी दोनतीनदां डोलली, किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर आंतलें तेल आपलें काम सोडून बसलें आहे असें समजावें. अशा शॉकपास वरची खाच देणें म्हणजे उसळणाऱ्या घोड्यास आणखी टांच मारणें. तो बदललाच पाहिजे. आणि पांचव्या खाचेवरही गाडी निम्म्याहून खालीं बसत असेल, तर ती स्प्रिंगच त्या कुटुंबास अपुरी आहे; अधिक जाड तारेची स्प्रिंग घालावी, किंवा तिसरें माणूस उतरवावें.

पौषांत आम्ही पुन्हां इंदापुरास निघालों. काटेवाडी गेली, सणसर गेलें, मागून कांहीं शब्द नाहीं. बेलवाडीच्या पुढें एका गतिरोधकावर गाडी नेहमींच्याच वेगानें चढून उतरली, तेव्हां सौभाग्यवतींनीं विचारलें, "हा रस्ता केव्हां नीट केला?" भगिनीच्या घरीं चहा घेतांना आम्हीं खाचेची हकीकत सांगितली. आमचे मेहुणे लगेच फीत मागूं लागले, आणि त्यांची गाडीही पहिल्याच खाचेवर निघाली.

हत्यारांच्या पिशवींत आतां एक चिठ्ठी आहे: "एकटे १, दोघे ४, सामानासह ५." तिच्याखालीं वजनें लिहावयाचीं होतीं; आमचें लिहिलें आहे, दुसरी ओळ मालकिणीच्या आज्ञेनें कोरी ठेवली आहे.