ब्रेक लागला नाही, दोष कुणाचा?

दुचाकीतला बिघाड देखभाल न केल्यामुळे झाला की ती कारखान्यातूनच तशी आली, हे एका गाडीवरून क्वचितच कळते. त्यासाठी अनेकांच्या तक्रारी एका ठिकाणी जमाव्या लागतात.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४ हजार ८९७ जण, म्हणजे जवळपास ४५ टक्के, दुचाकीवर होते. या मृत्यूंची चर्चा वेग, हेल्मेट, दारू आणि खड्डे यांभोवती होते आणि ते योग्यच आहे. मात्र काही वेळा गाडीच दगा देते. ब्रेक लागत नाही, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडते किंवा एखादा भाग तुटतो. चारचाकीचे इंजिन बंद पडले तर ती निदान आपल्या चाकांवर उभी राहते. दुचाकीचे पुढचे चाक अडकले तर तोल सावरायला क्षणही मिळत नाही. एवढे होऊनही ‘चालकाचा ताबा सुटला’ या वाक्यावर प्रकरण मिटू शकते.

असा बिघाड एकाच गाडीत झाला तर तो योगायोग असू शकतो. तोच बिघाड त्याच मॉडेलच्या शेकडो गाड्यांत दिसला तर कंपनीने त्या सगळ्या गाड्या परत बोलवाव्यात, म्हणजेच ‘रिकॉल’ कराव्यात, अशी मागणी होते. पण किती गाड्यांत दिसल्यावर? आणि मालकाने सर्व्हिसिंगच वेळेवर केले नसेल तर?

हार्लेच्या ब्रेकचा वाद

अमेरिकेत हा प्रश्न हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांबाबत उभा राहिला. २००८ ते २०११ या वर्षांतील एबीएस असलेल्या काही मोटारसायकलींचा ब्रेक अचानक लागेनासा होतो, अशा तक्रारी तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेकडे आल्या. जुलै २०१६ मध्ये चौकशी सुरू झाली तेव्हा तक्रारींची संख्या पन्नासच्याही आत होती. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे असे कंपनीने सांगितले होते आणि अनेकांनी ते बदललेले नव्हते. मग चूक मालकांचीच, असे म्हणता आले असते. यंत्रणेची चिंता वेगळी होती. हा ब्रेक कोणतीही पूर्वसूचना न देता निकामी होत होता. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने अमेरिकेतील सुमारे पावणेदोन लाख मोटारसायकली परत बोलावल्या.

यामागचे विज्ञान आपल्याकडच्या चालकांनीही समजून घेण्यासारखे आहे. गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते खरे तर तेल नसते. तो बहुधा ग्लायकॉल वर्गातील रसायनांपासून बनवलेला द्रव असतो आणि तो हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ४’ प्रकारचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना ब्रेक तापला की अशा जुन्या द्रवात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे लिव्हर थेट हँडलला टेकते आणि गाडी थांबत नाही.

एबीएसमध्ये आणखी एक धोका असतो. चाक अडकू लागले की यातील बारीक झडपा ब्रेकचा दाब सेकंदात अनेक वेळा सोडतात आणि पुन्हा भरतात. जुन्या द्रवातला साका या झडपांवर बसला आणि एखादी झडप अडकली, तर हाताचा दाब चाकापर्यंत पोहोचतच नाही. हार्लेच्या प्रकरणात मुद्दा हाच होता. भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. पण ब्रेक ऑइल बदलण्याची सवय इंजिन ऑइलइतकी रुळलेली नाही.

अपेक्षित निष्काळजीपणा

मालकाने देखभाल केली नाही म्हणून कंपनी सुटते का? या प्रश्नावर अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने १९७५ मध्ये दिलेला निकाल आजही आधाराला घेतला जातो. जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकची चाके तुटत होती आणि मालक जास्त वजन लादतात, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने मधला मार्ग काढला. लोक सर्वसाधारणपणे जेवढा निष्काळजीपणा करतात त्याची कल्पना निर्मात्याला आधीच असायला हवी. तेवढ्या वापरात एखादा भाग लक्षणीय संख्येने निकामी होत असेल तर तो दोषच. वयोमानाने होणारी झीज मात्र दोषात धरायची नाही.

भारतातल्या रस्त्यांना हा निकष लावून पाहता येतो. दुचाकीवर दोन मोठी माणसे आणि एक मूल, पायाशी गॅसची टाकी किंवा मागे खताचे पोते, हे दृश्य कोणत्याही निर्मात्याला अनोळखी नाही. उलट ब्रेक लायनर पार घासेपर्यंत गाडी चालवून नंतर कंपनीला दोष देता येणार नाही.

भारतातला कायदा

आपल्याकडे २०१२ पासून वाहन उद्योगाची स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता होती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. दोषामुळे चालक, प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक किंवा पर्यावरण यांना हानी होऊ शकते, ही पहिली अट. त्या दोषाची माहिती ठरावीक प्रमाणात मालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा अन्य कोणत्याही मार्गाने मिळालेली असावी, ही दुसरी. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशा चाचणी संस्थांपैकीच एक.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार दंड १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत आहे. सहा लाखांहून अधिक दुचाकी परत बोलवाव्या लागल्या तर तो १ कोटी होतो. कंपनीने दोष स्वतःहून कळवून गाड्या परत बोलावल्या तर दंड माफ होतो. ही सवलत मुद्दाम ठेवलेली आहे, कारण दोष सर्वांत आधी कंपनीच्याच हाती असलेल्या वॉरंटीच्या नोंदींत दिसतो.

वाद आहे तो तक्रारींच्या संख्येवर. संख्येची अट नसेल तर प्रत्येक कुरकुरणाऱ्या गाडीसाठी रिकॉलची मागणी होईल आणि खरी धोक्याची सूचना गोंगाटात हरवेल. पण आरशाचा नट सैल होणे आणि ब्रेकची कळ तुटणे या दोन्हींना एकच मोजपट्टी लावता येत नाही. जिवाला धोका जितका मोठा, तितकी कमी प्रकरणे पुरेशी मानावीत, हा विचार अधिक पटणारा आहे.

प्रत्यक्षात तसे घडलेही आहे. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फिल्डने इग्निशन कॉइलमधील दोषामुळे २ लाख ३६ हजार ९६६ मोटारसायकली परत बोलावल्या. त्यांतील दहा टक्क्यांहून कमी गाड्यांची कॉइल बदलावी लागेल, असा कंपनीचाच अंदाज होता. पण ती कॉइल कुणाच्या गाडीत आहे हे तपासल्याशिवाय कळणार नव्हते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका ई-स्कूटरने पेट घेतला. ही एकटीदुकटी घटना असल्याचे सांगतानाच ओला इलेक्ट्रिकने त्याच बॅचच्या १ हजार ४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या.

दुसरा वाद वयाचा आहे. आपल्या नियमांत सात वर्षांपर्यंतच्याच गाड्या येतात. अमेरिकेत मात्र १५ वर्षांपर्यंतच्या गाडीची दुरुस्ती मोफत करावी लागते. हार्लेच्या गाड्या परत बोलावल्या तेव्हा त्या साधारण सात ते दहा वर्षांच्या होत्या. सावकाश साचत जाणारा असा दोष आपल्याकडे नियमाच्या कक्षेबाहेरच राहू शकतो. भारतात जुनी दुचाकी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते आणि चालतच राहते, हे लक्षात घेता ही मर्यादा वाढवण्याचा विचार व्हायला हवा.

तक्रार कशी करावी

‘ब्रेक नीट लागत नाही’ एवढ्या तक्रारीवरून तज्ज्ञाला काहीच शोधता येत नाही. तारीख, किलोमीटरचे रीडिंग, वेग, चढ की उतार, पाऊस होता का, गाडीवर किती जण होते आणि नेमके काय झाले, हे लिहावे. चासी नंबर द्यावाच, कारण त्यावरूनच उत्पादनाची बॅच कळते.

तुटलेला भाग गॅरेजमध्ये टाकून येऊ नये. तो पुसू, घासू किंवा जोडून पाहू नये. तसाच पिशवीत ठेवावा. धातू हळूहळू थकून तुटला असेल तर तुटीच्या जागी अनेकदा शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसतात. एका धक्क्यात मोडलेल्या भागावर त्या नसतात. भाग अपघातामुळे तुटला की तो तुटल्यामुळे अपघात झाला, याचा उलगडा त्यावरून होऊ शकतो.

सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि प्रत जपावी. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या परिवहन संकेतस्थळावर वाहन रिकॉलसाठी तक्रार नोंदवता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जुनी गाडी घेतली असेल तर आरसीवर आपले नाव लगेच चढवावे, कारण रिकॉलची सूचना नोंदीतल्या मालकालाच जाते. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून तपासण्याची सोय असल्यास तीही वापरावी.

ब्रेक ऑइल मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत बदलून त्याचे बिल जपून ठेवावे. उद्या ब्रेकने दगा दिलाच, तर देखभालीत कसूर नव्हती हे दाखवायला तेच बिल उपयोगी पडेल.