सासूला ‘आत्याबाई’ का म्हणतात? मानवशास्त्राची सुरुवात घरापासून

आजचा विषय आहे सांस्कृतिक मानवशास्त्र. म्हणजे माणसं वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने का जगतात, याचा अभ्यास. नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणतं पुस्तक घेऊ?’ मी म्हणतो, पुस्तक नंतर. आधी आपल्या घरातले नात्यांचे शब्द घ्या.

आपल्याकडे आईची बहीण मावशी, वडिलांची बहीण आत्या, मामाची बायको मामी आणि काकाची बायको काकू. इंग्रजीत या चौघींना मिळून एकच शब्द, ‘आंट’. हवाई बेटांच्या भाषेत तर आई, मावशी आणि आत्या तिघींनाही ‘माकुआहिने’ म्हणतात. मग तिथल्या मुलांना आपली आई कोण हे कळत नाही का? कळतं की! नात्याचा शब्द नुसतं रक्त मोजत नाही. त्या माणसाशी कसं वागायचं, त्याच्यावर आपला हक्क किती, हेही त्यात असतं. ल्युईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन वकिलाने जगभरातून असे शब्द जमवले आणि १८७१ मध्ये त्यांवर मोठा ग्रंथ छापला. नातेव्यवस्थेचा पद्धतशीर अभ्यास तिथून सुरू झाला.

आता आपल्या गावाकडे येऊ. सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते आणि सासऱ्याला ‘मामंजी’. का बरं? महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केलेलं चालतं. हेच मुलीच्या बाजूने बघा. ती आत्याच्या घरी सून म्हणून जाते, म्हणजे तिची सासू ही तिची आत्याच. आज कित्येक घरांत असं लग्न होत नाही, पण शब्द टिकून आहे. तमिळमध्येही ‘अत्तै’ म्हणजे आत्या आणि सासूसुद्धा.

उत्तर भारतातल्या बहुतेक हिंदू समाजांत मात्र मामाची मुलगी ही बहीणच. तिच्याशी लग्न हा विचारही सहन होत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतभरच्या नातेव्यवस्थांची अशी तुलना केली. त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला दिसतो. इथे मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी बऱ्याच जातींत चालत नाही.

मग बरोबर कोण? नवशिका नेमका इथे अडखळतो. मानवशास्त्र आधी वेगळा प्रश्न विचारतं. या रिवाजाने माणसांचं काय साधतं? नात्यात लग्न झालं की दोन घरं पिढ्यान् पिढ्या जोडलेली राहतात आणि मुलगी ओळखीच्या माणसांत जाते. लांबच्या अनोळखी घरात दिली की नवी सोयरीक जुळते, गोतावळा पसरतो. दोन्हींत हिशेब आहे.

‘म्हणजे नात्यातल्या लग्नांना तुमचा पाठिंबा?’ नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नांत काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हे खरंच आहे. पण हे एखाद्या कुटुंबाला पटवायचं असेल, तर ते त्या लग्नात काय सांभाळू बघतंय हे आधी कळायला हवं. समजून घेणं आणि पसंत करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि समजून न घेता मापं काढली तर काय होतं, हे याच शास्त्राच्या इतिहासात दिसतं. इरावतीबाई १९२८ च्या सुमारास बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, जे पुढे नाझींच्या वंशवादी धोरणांचे समर्थक झाले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असतो आणि त्यातून युरोपीय माणूस वरचढ ठरतो, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. असा संबंध त्यांना आढळला नाही, आणि प्रबंधात त्यांनी तसंच लिहिलं. परदेशी विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणं किती अवघड असेल, विचार करा. वेगळेपणाला उतरंड समजू नये, हे त्यांनी मोजमापातूनच दाखवलं.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. एक कागद घ्या. पुरुषासाठी त्रिकोण, बाईसाठी वर्तुळ, लग्नासाठी बरोबरचं चिन्ह. तीन पिढ्यांचा तक्ता काढा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसा आणि प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी विचारा. याला काय म्हणायचं? याच्याशी कसं वागायचं, असा रिवाज होता? आणि प्रत्यक्षात काय झालं? दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात फरक पडला, की तिथे थांबा आणि नीट ऐका. खरा अभ्यास तिथेच सुरू होतो. मग दुसऱ्या जातीच्या किंवा धर्माच्या मित्राच्या घरी हेच प्रश्न घेऊन जा.

त्यानंतर पुस्तक हवंच असेल, तर इरावतीबाईंचं ‘मराठी लोकांची संस्कृती’ घ्या. आणि तुमच्याकडे सासूला काय म्हणतात, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!