खेळ खेळणारे आणि खेळ रचणारे

सोलापुरी चादरीवरील नक्षी ही केवळ विणकराच्या हातांची किमया आहे, असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पारंपरिक जॅकार्ड मागावर ती नक्षी विणण्यापूर्वीच पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर उतरलेली असते. चौकटींच्या कागदावर आकृती काढावयाची आणि तिच्याबरहुकूम पत्त्यांना भोके पाडावयाची. भोक असेल तेथील ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथील खालीच राहतो. फ्रान्समधील जोसेफ जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही योजना म्हणजे यंत्राला आगाऊ लिहून दिलेली आज्ञावलीच होय. तेव्हा आज्ञावली हा परका विषय आहे, असे निदान सोलापूरने तरी मानू नये.

संगणकाला आज्ञा देण्याची हीच विद्या सामान्य घरांतील मुलांपर्यंत नेण्याचे काम एके काळी साध्या पुस्तकांनी केले. विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही वापरता यावी, म्हणून अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९६४ साली केमेनी व कुर्ट्झ या प्राध्यापकांनी ‘बेसिक’ ही भाषा तयार केली. त्या भाषेतील खेळांचा डेव्हिड आल यांनी काढलेला संग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुस्तकातील ओळी पाहून टंकित करावयाच्या आणि खेळ चालू करावयाचा, एवढीच त्याची रीत. भारतातही १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाखाली सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. बाकीच्या असंख्य शाळा मात्र त्या वर्तुळाबाहेरच राहिल्या.

अशा पुस्तकातून मूल नेमके काय शिकते? संख्या ओळखण्याचा खेळ घ्या. यंत्राने १ ते १०० पैकी एक संख्या धरावयाची आणि प्रत्येक अंदाजावर ‘मोठी’ किंवा ‘लहान’ एवढेच उत्तर द्यावयाचे. ही आज्ञावली दहाबारा ओळींची. एखादे चिन्ह चुकले तर यंत्र अडते. ते रागावत नाही, हसत नाही आणि चूक खपवूनही घेत नाही. ती आपली आपणच शोधावी लागते. मग ध्यानात येते की, प्रत्येक वेळी उरलेल्या संख्यांच्या मधोमध अंदाज केला, तर सात प्रयत्न पुरतात. कारण दोनाचा सातवा घात १२८. शंभराच्या जागी हजार घातले तर दहा प्रयत्न पुरे! फळ्यावरून उतरवून घेतलेले गणित आणि असे हाती लागलेले गणित यांत महदंतर आहे.

खेळांत वेळ दवडला जातो, हा आक्षेप जुना आहे. बेसिकमुळे वाईट सवयी जडतात, अशी कठोर टीका डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञानेही १९७५ मध्ये केली होती. तथापि सवयी पुढे सुधारता येतात. मुळात न जागलेले कुतूहल कोठून आणावयाचे? आज खेळ प्रत्येक मुलाच्या हातातील फोनमध्ये आहेत, परंतु ते तयार माल म्हणून. उपभोक्ता आणि उत्पादक यांतील हा भेद अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातलाच आहे. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लक्षावधींना संगणक हाताळावयास शिकविले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण हाताळणे म्हणजे घडविणे नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आज्ञावली-लेखनाचा पुरस्कार केला आहे. प्रश्न एवढाच, की गिरणगावातील कामगाराच्या मुलाने ते कोणत्या पुस्तकातून शिकावे?

अडचण यंत्राच्या भाषेची नाही. ‘पायथन’ ही आजची भाषा मोफत मिळते. तिच्यातील राखीव इंग्रजी शब्द जेमतेम तीन डझन आहेत आणि चलांची नावे देवनागरीतही देता येतात. अडचण आहे ती समजावून सांगणाऱ्या भाषेची. मराठीला हा विषय पेलत नाही म्हणावे, तर सोलापूरचेच अच्युत गोडबोले यांचे ‘संगणकयुग’ समोर आहे. आता हवे आहे ते मुलांच्या हाती देता येईल असे, वीस खेळांचे, स्वस्त मराठी पुस्तक; आणि शाळेतील कुलूपबंद संगणक उघडून देणारा एक शिक्षक. चादरीचे पत्ते या शहराने परक्यांकडून विकत घेतले नाहीत, येथल्याच हातांनी पाडले. संगणकाच्या बाबतीत त्याने निव्वळ गिऱ्हाईक होऊन का राहावे?