तारेने ओलांडला अटलांटिक

दोस्तांनो, डिसेंबर १९२१ ची गोष्ट. स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन गावी, समुद्राजवळच्या शेतात पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी रेडिओवाला तंबू ठोकून बसला होता. बाहेर पाऊस, आत कडाक्याची थंडी, आणि कानाला हेडफोन! २०० मीटरच्या आतल्या रेडिओलहरी लांब जातच नाहीत, असं तेव्हा बडेबडे लोक समजत. म्हणून तर त्या हौशी मंडळींच्या पदरात टाकल्या होत्या. गॉडलीने साधी तार बुटक्या खांबांवरून अमेरिकेच्या दिशेने शेकडो फूट ताणली आणि रात्र रात्र जागला. अखेर पलीकडून 'कट्ट कडकट्ट' आलंच! वीसहून अधिक अमेरिकन हौशी केंद्रं त्याने ऐकली.

तुमची तार एवढी लांब नको. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, की मीटर मिळतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी साधारण २० मीटर तार घ्या, मधोमध कापा, तिथे प्लॅस्टिकचा तुकडा बांधा आणि दोन्ही टोकांना केबल जोडा. झाला डायपोल! झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो ना? तसंच हे. लांबी जुळली की तार जोरात 'झुलते'. लहरी आकाशातल्या आयनांबरावरून परततात आणि हजारो किलोमीटरवर उतरतात.

पण विजेच्या तारांजवळ अँटेना बांधायचा नाही म्हणजे नाही! गच्चीवर बाबांना किंवा ताईला सोबत घ्या. ढग गडगडले, की हात लावू नका. आणि बोलायचं असेल तर सरकारी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. बारा वर्षं पूर्ण झाली असली, की बसता येतं.