कुलन लोहाराचा कुत्रा

दोह्यातल्या अबू हमूरमध्ये शाळाच शाळा. तिथल्या एखाद्या वर्गाची हजेरी नीट कान देऊन ऐका. नावात ‘बिन’ आलं की समजायचं, अमक्याचा मुलगा. ‘अबू’ आलं की अमक्याचा बाप. मधेच आपला वाघमारेही ‘प्रेझेंट’ म्हणून ओरडतो. आणि आडनाव मॅकनमारा असेल तर? मग आपल्याला थेट आयर्लंडच्या एका कुत्र्यापाशी जावं लागतं!

तिथल्या पुराणकथेत सेतांता नावाचा एक मुलगा आहे. त्याचा मामा राजा. कुलन लोहाराने राजाला जेवायला बोलावलं. सेतांता म्हणाला, “खेळ संपवून मागून येतो.” राजा ते विसरला आणि कुलनने राखणीचा भलामोठा शिकारी कुत्रा मोकळा सोडला. सेतांता आला, कुत्रा अंगावर धावला. पोराच्या हातात होती फक्त खेळायची काठी आणि चेंडू. त्याने असा टोला हाणला, की चेंडू थेट कुत्र्याच्या घशात!

कुत्रा मेला. कुलन हळहळला. तेव्हा तो एवढासा मुलगा म्हणाला, “नवं पिल्लू मोठं होईपर्यंत तुमच्या घराची राखण मी करीन.” मला त्या टोल्यापेक्षा हे वाक्य जास्त आवडतं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं कू खुलिन, म्हणजे कुलनचा कुत्रा.

ती काठी आजही आहे बरं का! खेळाचं नाव हर्लिंग. एका संघात पंधरा खेळाडू. काठी ॲश नावाच्या झाडाच्या बुंध्यापासून करतात. मुळाजवळ त्या लाकडाचे तंतू आपोआप वळलेले असतात, म्हणून काठीचं रुंद टोक सहसा तुटत नाही. चेंडूच्या आत बुचाचं लाकूड आणि वर चामडं, त्यावर उंच शिवण. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा तो बराच हलका. 2018 मध्ये युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. परदेशी गेलेले आयरिश लोक आखातातही आपला हा खेळ खेळतात.

आता मॅकनमारा. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, अगदी ‘बिन’सारखा. ‘कू’ म्हणजे शिकारी कुत्रा. पण ‘कुत्र्याचा’ म्हणायचं झालं, की ‘कू’चा ‘कॉन’ होतो. आपल्या ‘कुत्रा’चाही ‘कुत्र्या’ होतोच की! ‘मारा’ म्हणजे समुद्राचा. सगळं जोडा: मॅक कॉन मारा, समुद्राच्या शिकारी कुत्र्याचा मुलगा! मुलींची गंमत आणखी वेगळी. आयरिश भाषेत भावाच्या आडनावाआधी ‘ओ’ असेल, तर बहिणीच्या आडनावाआधी ‘नी’ लागतो.

दिनदर्शिकेतही कथा लपल्या आहेत. आयरिश भाषेत ऑगस्टला म्हणतात ‘लूनसा’. हे नाव लू या देवाच्या सणावरून आलं. कथेत हाच लू कू खुलिनचा बाप आहे.

आता तुमची पाळी. वाघमारे, मोरे, नाहीतर कुठल्याही गावाचे ‘कर’ असा, आज आजीला फोन लावा, आपल्या आडनावाची गोष्ट विचारा आणि वहीत लिहून ठेवा.