चौक आणि चित्र
वारली चित्रे आज शहरी दिवाणखान्यात आणि चहाच्या कपांवरही दिसतात. परंतु ही कला शोभेसाठी जन्मलेली नाही. पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांवर लग्नाच्या वेळी सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत. त्यात पालघट देवी विराजमान होई आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावी. चौकावाचून लग्न नव्हे, अशी श्रद्धा होती.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद नेला. जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही रेघ जगभर पोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राने गरिबाच्या घरात चार पैसे आणले, याला नावे ठेवण्याचा अधिकार शहरवासीयांना नाही. मात्र कागदावर रेघ उतरली, धवलेरीचे गाणे उतरले नाही. आणि बायकांचे लेखन बहुतांशी पुरुषांचा व्यवसाय बनले.

चित्रकलेच्या तासाला वारली आकृत्या गिरविणाऱ्या शाळेत वारली मुलाची बोली मात्र अशुद्ध ठरते. चित्राचे कौतुक आणि बोलीची लाज, ही विसंगती दूर करणे बाजाराच्या हाती नाही. ते शिक्षकांच्या हाती आहे.